बागेतील आगगाडी आणि तिच्या स्वस्त नकला

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील भोजनगृहात एका लांबलचक मेजावर रूळ मांडलेले आहेत आणि त्या रुळांवर चांदीची एक लहानशी आगगाडी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, ही गाडी विजेच्या बळावर पाहुण्यांपुढे फिरत असे. तिच्या वाघिणींवर काचेच्या सुरया ठेवलेल्या असत. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबे. सुरई परत ठेवली की ती शेजारच्या पाहुण्याकडे निघे. पाहणाऱ्याचे डोळे चांदीने दिपतात हे खरे. परंतु त्या गाडीचे मर्म चांदीत नाही. तिचे चाक रुळाला बरोबर बसते, तिला वीज बरोबर पोचते आणि दिलेले काम ती न चुकता करते, यात तिचे मर्म आहे. हीच गाडी चांदीऐवजी पत्र्याची असती तरी ती आगगाडीच राहिली असती. उलट चांदी कायम ठेवून चाके मात्र डुगडुगती असती, तर ती मेजावरची एक शोभेची वस्तू झाली असती, इतकेच.

मोठ्या मापाच्या आगगाड्यांचा जो छंद आज जर्मनी, इंग्लंड, अमेरिका आदी देशांत घरोघरच्या बागांतून जोपासला जातो, त्यातील अस्सल आणि नकली यांचा सारा वाद या एका भेदापाशी येऊन ठेपतो. या छंदाच्या बाजारात अस्सल मालाच्या शेजारी त्याच्यासारखाच दिसणारा, परंतु किमतीने कितीतरी कमी असलेला माल सदैव मांडलेला असतो. खोक्यावरचे चित्र तेच, इंजिनाचा रंग तोच, धुराडेही तसेच. मग अधिक पैसे का मोजावेत, असा प्रश्न घेणाऱ्याला पडला तर त्यात नवल नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे ‘मोठे माप’ म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

छोट्या आगगाडीला दोन मापे असतात आणि ती दोन्ही निरनिराळी असतात. पहिले माप रुळांमधील अंतराचे. दुसरे माप मूळ गाडीशी असलेल्या प्रमाणाचे. गोपिंगेन येथील मेर्क्लिन या जर्मन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापे बाजारापुढे ठेवली आणि त्यांना क्रमांक दिले. त्यापूर्वी प्रत्येक खेळणेवाला स्वतःच्या मनाला येईल तेवढ्या रुंदीचे रूळ करीत असे, त्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. क्रमांक एकचे माप आज ४५ मिलिमीटर धरले जाते. पुढे १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेमान या कारखान्याने हेच ४५ मिलिमीटरचे रूळ घेऊन त्यांवर अरुंद रुळांच्या, डोंगराळ मुलखातील गाड्यांच्या प्रतिकृती आणल्या. त्यांनी प्रमाण ठरविले ते १ : २२.५, म्हणजे मूळच्या साडेबावीसाव्या हिश्शाचे.

या आकड्याचे कोडे सोपे आहे. मीटरगेज म्हणजे रुळांमध्ये १००० मिलिमीटर अंतर. त्याला साडेबावीसाने भागले की ४४.४ मिलिमीटर येतात. म्हणजे ४५ मिलिमीटरच्या रुळावर मीटरगेजची गाडी जवळजवळ बिनचूक बसते. बेळगाव आणि मुरगावच्या प्रवाशांना, इंदूरहून खांडव्याला जाणाऱ्यांना, किंवा सिकंदराबाद-मनमाड मार्गाने घरी येणाऱ्यांना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जी गाडी परिचयाची होती, ती याच मीटरगेजवरची. तिची प्रतिकृती करावयाची तर ती याच मापात शोभेल. परंतु ग्वाल्हेरची किंवा माथेरानची ६१० मिलिमीटरची गाडी ४५ मिलिमीटरच्या रुळावर आणावयाची झाली, तर प्रमाण सुमारे १ : १३.५ इतके मोठे घ्यावे लागेल. अमेरिकेतील तीन फुटी रुळांच्या गाड्यांना १ : २०.३ हे प्रमाण येते आणि ब्रॉडगेजपेक्षा थोड्या अरुंद अशा पाश्चात्त्य रुंद मार्गांच्या गाड्यांना १ : ३२. तात्पर्य, एकाच रुळावर निरनिराळ्या प्रमाणांच्या गाड्या धावू शकतात. पहिला घोटाळा येथेच होतो. “४५ मिलिमीटरच्या रुळावर चालते” एवढेच खोक्यावर छापले असेल, तर गाडी रुळावर उभी राहील याची हमी मिळते. ती शेजारच्या डब्याशी आकाराने जुळेल याची नव्हे.

दुसरी गोष्ट खर्चाची. घरातील टेबलावर मांडल्या जाणाऱ्या सर्वांत प्रचलित गाड्यांचे प्रमाण १ : ८७ असते. त्याच्या तुलनेत १ : २२.५ ची गाडी लांबीला जवळजवळ चौपट भरते. मूळ नऊ मीटरचे इंजिन तेथे जेमतेम १० सेंटिमीटरचे होते, तर येथे ४० सेंटिमीटरचे. लांबी चौपट झाली तरी माल चौपट लागतो असे नव्हे. पृष्ठभाग सुमारे १५ पट आणि आकारमान ५८ पट वाढते. साचा मोठा, धातू अधिक, मोटार दणकट, खोके अवजड, वाहतूक महाग. म्हणूनच मोठ्या मापाच्या अस्सल गाडीची किंमत सामान्य गृहस्थाच्या छातीत धडकी भरविणारी असते आणि म्हणूनच नक्कल करणाऱ्याला या छंदात मोकळे रान सापडते.

मात्र ‘नक्कल’ हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंना लावला जातो, आणि त्यामुळे निष्कारण अन्याय होतो. पहिली वस्तू म्हणजे मुलांचे साधे खेळणे. बॅटरीवर चालणारे इंजिन, प्लॅस्टिकचे रूळ, दोन-तीन डबे. नाताळात झाडाभोवती किंवा दिवाळीत किल्ल्याभोवती ते फिरवावे आणि पुढच्या वर्षी मोडले तर हळहळू नये, एवढीच त्याची प्रतिज्ञा. दुसरी वस्तू म्हणजे दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने, स्वतः आखणी करून, त्याच रुळांवर चालतील अशा बेताने बनविलेल्या गाड्या. त्या स्वस्त असतील वा नसतील. परंतु त्यांना नक्कल म्हणणे म्हणजे एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या दुसऱ्याला चोर म्हणण्यासारखे आहे. तिसरी वस्तू मात्र निराळी. दुसऱ्याने श्रमाने तयार केलेली प्रतिकृती समोर ठेवून तिचेच साचे उतरवायचे, तिच्याच रंगात ती रंगवायची, तिच्यासारख्याच खोक्यात घालायची आणि घेणाऱ्याच्या मनात भ्रम निर्माण होऊ द्यायचा, ही खरी बनवाबनवी होय.

दुसऱ्याकडून माल करवून घेणे म्हणजेही नक्कल नव्हे. ग्वाल्हेरची चांदीची गाडी ज्या बॅसेट-लोक या नॉर्दॅम्प्टनच्या पेढीने तयार केली, तीच पेढी आपल्या कितीतरी छोट्या गाड्या न्यूरेंबर्गच्या कारखान्यांकडून इंग्रजी नमुन्याबरहुकूम करवून घेत असे. नमुना एकाचा, हात दुसऱ्याचे, आणि दोघांची संमती. आजही मोठमोठ्या नावांच्या गाड्या चीनमध्ये किंवा हंगेरीत तयार होतात. तेव्हा खोक्यावरील देशाचे नाव पाहून माल खरा की खोटा ठरविणे ही कसोटी फसवी आहे. प्रश्न देशाचा नसून आखणीच्या मागे कोण उभा आहे याचा आहे.

आता नकली गाडी स्वस्त होते ती कशी, ते पाहू. अस्सल प्रतिकृतीत पहिला मोठा खर्च दिसतच नाही. मूळ इंजिनाची रेखाचित्रे मिळविणे, ते कोठे जिवंत असेल तेथे जाऊन मोजमाप घेणे, लहान रूपात कोणता भाग ठेवायचा आणि कोणता सोडायचा याचा निर्णय करणे, आणि मग पोलादाचे साचे कोरणे. नक्कल करणारा हा सारा टप्पा ओलांडतो. परंतु त्याची शिक्षा त्याला लगेच मिळते. तयार प्रतिकृतीवरून साचा उतरवून त्यात माल ओतला की थंड होताना तो किंचित आकसतो. परिणामी नक्कल मूळापेक्षा रेसभर लहान होते, कडा बोथट पडतात, रिव्हेटांच्या रांगा पुसट होतात. नकलेची नक्कल केली तर हा दोष दुणावतो. जाणकार मनुष्य मोजपट्टी लावून चोरी ओळखतो ती यामुळेच.

पुढची काटकसर पोटात होते. अस्सल इंजिनात वजन मुद्दाम भरलेले असते. कारण रुळाला चाकाची पकड वजनानेच मिळते. नकली इंजिन हातात घेतले की पोकळ भासते. दातेरी चाके धातूऐवजी हलक्या प्लॅस्टिकची असतात आणि ती आसावर नुसती दाबून बसविलेली असतात. काही दिवसांनी त्यांना तडा जातो, मोटार फिरत राहते आणि गाडी मात्र उभी. डब्यांची चाके प्लॅस्टिकची असतात. त्यांचा काळा मळ रुळावर बसतो आणि रुळांतून वीज घेणाऱ्या चांगल्या इंजिनांनाही त्याचा उपद्रव होतो. रूळ प्लॅस्टिकचे असतील तर त्यांतून वीज वाहतच नाही. असे रूळ पितळी रुळांना जोडणे म्हणजे मंडळ तोडणेच होय.

बागेत तर या सगळ्याची परीक्षा अधिकच कडक होते. घरातल्या खेळण्याला ऊन, पाऊस, धूळ ठाऊक नसते. बागेतल्या गाडीला बारा महिने त्यांच्याशी सामना करावा लागतो. साधे प्लॅस्टिक उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होते आणि त्याचा रंग विटतो. त्यासाठी खास जातीचे प्लॅस्टिक वापरावे लागते आणि ते महाग असते. रूळही उन्हाने वाढतात. पितळी रुळाची दहा मीटरची सलग रांग सकाळच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत ३० अंशांनी तापली, तर ती सुमारे ६ मिलिमीटर लांबते. सांध्यांत तेवढी जागा ठेवलेली नसेल तर रूळ वाकतो. खऱ्या रेल्वेच्या इंजिनिअरांना जी चिंता असते, तीच येथे लहान प्रमाणात असते.

वळणावर आणखी एक गोष्ट घडते. या छंदातील सर्वांत लहान वर्तुळ सामान्यतः ६० सेंटिमीटर त्रिज्येचे, म्हणजे तीस-तीस अंशांच्या बारा तुकड्यांचे असते. खऱ्या रेल्वेच्या दृष्टीने हे वळण अतिशय तीव्र आहे. अशा वळणावर इंजिन पुढे ओढते आणि शेवटचे डबे मागे खेचतात, तेव्हा मधला हलका डबा ताणलेल्या दोरीसारखा वळणाच्या आतल्या बाजूला ओढला जाऊन रुळावरून उतरतो. अस्सल गाड्यांच्या रांगेत एखादा पोकळ नकली डबा मध्येच लावला, की अपघात त्याच्यापाशी होतो. त्याचे कपलिंग दोन-चार मिलिमीटर वर किंवा खाली असेल तर गाडी चढावर तुटते आणि सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळतात. एका स्वस्त डब्याची किंमत अशा वेळी त्याच्या मागच्यापुढच्या महाग डब्यांना द्यावी लागते.

आता येथे एक शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. अस्सल म्हणविणारे तरी पूर्णतः प्रामाणिक असतात काय? नसतात. लेमान कारखान्याच्या गाड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध इंजिन ‘श्टाइन्त्स’ हे ऑस्ट्रियातील एका चिमुकल्या फाट्यावरचे, १८९२ साली बांधलेले. त्या फाट्याचे रूळ ७६० मिलिमीटरचे. साडेबावीसाने भागले तर त्या इंजिनाला ३४ मिलिमीटरचे रूळ हवेत. परंतु कारखान्याने ते ४५ मिलिमीटरच्या रुळांवर उभे केले. अमेरिकेत रुंद मार्गाच्या गाड्या १ : २९ या प्रमाणात विकल्या जातात; हिशेबाने त्यांना ४९ मिलिमीटरहून अधिक अंतर लागते, तरी त्याही ४५ वरच धावतात. म्हणजे अस्सल मालातही तडजोड असतेच. भेद एवढाच, की ही तडजोड उघड असते, ती सर्व मालात सारखी असते आणि तिच्यापायी गाडी चालण्यात कसूर होत नाही. प्रतिकृती मूळाशी केसभर जुळते की नाही, याहून ती आपल्या जाहीर केलेल्या मापाशी इमान राखते की नाही, ही कसोटी अधिक मोलाची आहे.

या इमानाचे मोल सुट्या भागांच्या वेळी कळते. आगगाडीचा छंद ही एकदा करून संपणारी खरेदी नव्हे. आज इंजिन, पुढच्या वर्षी दोन डबे, नंतर एक सांधा, मग पूल, असा संसार वर्षानुवर्षे वाढत जातो. १९६८ च्या सुमारास घेतलेले इंजिन नीट राखले असेल तर ते आजही त्याच मापाच्या नव्या रुळांवर धावते. आजोबांची गाडी नातवाच्या बागेत चालते. चाक झिजले तर चाक मिळते, मोटार जळली तर मोटार मिळते. नकली गाडीच्या खोक्यावर पुष्कळदा कारखान्याचा पत्तादेखील नसतो. तिचे एक दातेरी चाक तुटले की सारी गाडी अडगळीत जाते. तेव्हा वर्षाच्या हिशेबाने पाहिले तर स्वस्त गाडीच महाग पडते.

तरीही अस्सल कारखाना म्हणजे ध्रुवतारा, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. १८८१ साली स्थापन झालेला लेमान कारखाना २००६ साली दिवाळखोरीत गेला. २००७ मध्ये मेर्क्लिनने त्याची मोठ्या मापाची गाडी आपल्याकडे घेतली. आणि २००९ मध्ये, आपल्या स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी, मेर्क्लिनवरही तीच पाळी आली. २०१३ पासून हा सारा व्यवसाय दुसऱ्या एका जर्मन खेळणेवाल्या घराण्याकडे आहे. इतकी उलथापालथ होऊनही जुन्या गाड्या निकामी झाल्या नाहीत, याचे कारण माप टिकले. मालक बदलले, कारखान्याची जागा बदलली, परंतु ४५ मिलिमीटर ४५ च राहिले. मोठ्या नावापेक्षाही छंदिष्टाला आधार देते ते हे सर्वांनी मानलेले माप.

आणि हे माप कोणाच्याही मालकीचे नाही. कायद्याचा विचार येथे लक्षात घेण्याजोगा आहे. नव्या शोधाला पेटंटचे संरक्षण साधारणतः वीस वर्षे मिळते. वस्तूच्या बाह्य आकृतीला युरोपात जास्तीत जास्त पंचवीस आणि भारतात २००० च्या डिझाइन कायद्यान्वये दहा व त्यापुढे वाढवून मिळणारी पाच अशी पंधरा वर्षे. त्यानंतर ती आकृती सर्वांची होते. जी आकृती केवळ काम साधण्यासाठीच तशी आहे, ती व्यापारचिन्हाच्या नावाखाली कायमची अडवून ठेवता येत नाही; खेळण्यांतील लेगोच्या विटेविषयी युरोपच्या न्यायालयाने २०१० साली हाच निर्णय दिला. रुळांचे अंतर, चाकाची कड, कपलिंगची उंची या गोष्टींचा वापर दुसऱ्याने केला तर त्याने छंदाची सेवाच केली. मात्र दुसऱ्याचे नाव, चिन्ह किंवा रूप घेऊन गिऱ्हाइकाला फसविणे हा निराळा अपराध आहे.

अशा निर्लज्ज नकलांना चव्हाट्यावर आणण्याची एक मजेदार प्रथा जर्मनीत आहे. रीडो बुस्से या आखणीकाराला १९७७ साली फ्रँकफुर्टच्या जत्रेत स्वतः आखलेल्या वजनकाट्याची हलकी नक्कल विक्रीस मांडलेली दिसली. त्याने ‘प्लागियारिउस’ नावाचे एक उलटे बक्षीस सुरू केले. दरवर्षी धडधडीत नकलांना दिल्या जाणाऱ्या या बक्षिसाचे मानचिन्ह म्हणजे बागेत ठेवतात तसला एक ठेंगू. अंगाने काळा, आणि नाक मात्र सोन्याचे! नकलेतून मिळविलेल्या पैशाने नाक सोन्याचे झाले, असा त्यातील टोमणा. दंडापेक्षा हसे होण्याची भीती व्यापाऱ्याला अधिक असते, हे त्या आखणीकाराने बरोबर हेरले होते.

मग स्वस्त गाडी घेऊच नये काय? असा कडक निवाडा देणे अन्यायाचे होईल. पुष्कळ छंदिष्टांची वाटचाल स्वस्त खेळण्यापासूनच सुरू होते. किल्लीची किंवा बॅटरीची गाडी पाटाखालून बाहेर येताना पाहून जे मूल टाळ्या पिटते, त्याला दातेरी चाक कशाचे आहे याची फिकीर नसते, आणि नसावी. हाताने काम करणारे कित्येक छंदिष्ट तर स्वस्त डबा मुद्दाम घेतात. त्याची चाके काढून धातूची बसवितात, तळाशी शिसाचे वजन घालतात, कपलिंग योग्य उंचीवर आणतात, रंग नव्याने देतात. त्यांच्या हातून नकली डबा एका अर्थाने अस्सल होतो; कारण त्याच्या मापाची जबाबदारी आता कोणीतरी पत्करलेली असते.

घेणाऱ्याने फक्त चार गोष्टी पाहाव्यात. वस्तू हातात घेऊन वजन अजमावावे. चाके आणि रूळ धातूचे आहेत काय ते पाहावे आणि मोजपट्टीने रुळांच्या आतील कडांमधले अंतर मोजावे. रुळांचे माप आणि प्रतिकृतीचे प्रमाण, ही दोन्ही खोक्यावर लिहिली आहेत काय, ते वाचावे. आणि शेवटी दुकानदाराला विचारावे, की एक चाक मोडले तर नवे कोठे मिळेल? या प्रश्नाला जो सरळ उत्तर देतो, त्याचा माल स्वस्त असला तरी घेण्यास हरकत नाही. लहान मुलासाठी घ्यावयाचे असेल तर आणखी एक पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असणे आपल्याकडे सक्तीचे झाले आहे. ती खूण गाडी हुबेहूब आहे असे सांगत नाही; ती मुलाला अपाय करणार नाही एवढे सांगते, आणि तेही थोडे नव्हे.

ग्वाल्हेरच्या मेजावरची गाडी एका राजाची होती; बागेतली गाडी चार पैसे साठवून घेणाऱ्या गृहस्थाची असते. राजाला चांदी परवडत होती, गृहस्थाला ती परवडत नाही. परंतु सुरई उचलताच गाडीने थांबावे आणि ठेवताच चालावे, ही अपेक्षा दोघांचीही सारखीच असते. ती पुरी करणारी गाडी पत्र्याची असो की प्लॅस्टिकची, तिला नकली म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.